कार्ब्युरेटर बदलण्याआधी कटोरीतला गाळ बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगडजवळच्या गावात वडिलांची २००८ सालची स्प्लेंडर आहे. मे महिन्याच्या सुट्टीत चालवली आणि पावसाआधी पडवीत लावून तुम्ही मुंबईला गेलात. आता गणपतीला आल्यावर ती चोक ओढल्याशिवाय सुरू होत नाही, चोक सोडला की बंद पडते, रेस धरून ठेवली तर मात्र चालते. शिवाय खालच्या नळीतून अधूनमधून पेट्रोल ठिबकतं. मेकॅनिकने न उघडताच ‘कार्ब्युरेटर गेला, नवा टाका’ असं सांगितलं. तुम्ही विचारता की बदलावाच लागेल का, घरी साफ करता येईल का, आणि शिमग्याला परत येईपर्यंत पुन्हा हेच होऊ नये म्हणून काय करायचं.

नवा टाकू नका. तुम्ही सांगितलेली लक्षणं तुंबलेल्या कार्ब्युरेटरची आहेत. हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या या यंत्रात झिजणारे भाग फार थोडे असतात: स्लायड (रेसबरोबर वर-खाली होणारी झडप), नीडल (स्लायडला लटकणारी सुई), तिचा जेट (पेट्रोल मोजून देणारा बारीक छिद्राचा पितळी तुकडा) आणि फ्लोटचा, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाचा, व्हॉल्व्ह. बाकी सगळ्या नुसत्या वाटा आणि छिद्रं. वाटा झिजत नाहीत, बुजतात. कंपनीने बसवलेला मूळ कार्ब्युरेटर काढून त्याच्या जागी बाजारातला स्वस्त नवा बसवला की गाडी सुरू होते हे खरं, पण मायलेज आणि स्लो रनिंग (रेस न देता इंजिन चालू राहणं) पूर्वीसारखं राहत नाही, हे मी रत्नागिरी-राजापूर पट्ट्यात काम करताना वारंवार बघतो. तुमचा मूळ भाग साफ करून पुढे कितीतरी वर्षं चालेल.

आधी लक्षणांचा अर्थ लावू, कारण त्यावरून कुठे हात घालायचा ते ठरतं. इंजिन स्लोवर असतं तेव्हा स्लायड जवळजवळ बंद असते. मेन जेटकडून येणारं पेट्रोल त्या वेळी कामाचं नसतं. पेट्रोल येतं ते स्लो जेटमधून, आणि गळ्याच्या, म्हणजे हवा जाते त्या मधल्या वाटेच्या, तळाशी स्लायडच्या अलीकडे-पलीकडे जी दोन-तीन सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात त्यांतून बाहेर पडतं. रेस एक अष्टमांशापर्यंत जाईतो याच वाटेचं राज्य. पुढे पाव ते पाऊण रेसपर्यंत नीडल आणि तिचा जेट, त्याहून पुढे मेन जेट. आता तुमची गाडी रेसवर चालते, म्हणजे नीडलची आणि मेन जेटची वाट मोकळी आहे. चोकवर सुरू होते, कारण चोक हवा अडवतो आणि त्या ओढीने पेट्रोल दुसऱ्या वाटेने जास्त खेचलं जातं. स्लोवर मरते, म्हणजे स्लोची वाट बुजली आहे. आणि ठिबकणं म्हणजे फ्लोटचा व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. दोन्ही दुखणी बहुतेक एकाच गोष्टीतून आली आहेत: कटोरीतलं (कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीतलं) पेट्रोल उभ्या गाडीत उडून गेलं आणि मागे जे राहिलं ते चिकटलं.

आपल्याकडे हे जास्त का होतं ते सांगतो. कटोरीत पेट्रोल असतं जेमतेम एक-दोन घोट, आणि कटोरीला बाहेरच्या हवेची नळी असते. काही आठवड्यांत हलका भाग उडतो, जड भाग वार्निशसारखा तळाला बसतो. हे पुण्यातही होतं. पण कोकणात जून ते सप्टेंबर हवाच ओली. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. ओल एका मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्यामुळे तळाशी बसतात. तळ म्हणजे नेमकी जेटची जागा. कार्ब्युरेटरची बॉडी जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, जेट पितळेचे. त्या पाण्यात हे धातू गंजतात. समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने बाहेरचे स्क्रू धरतात ते वेगळंच.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि त्यानंतरच्या जवळजवळ सगळ्या मोटरसायकलींना कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आहे. खालचं काहीही त्यांना लागू नाही.

कार्ब्युरेटर उतरवायच्या आधी थोडा वेळ बाकीच्या गोष्टींना द्या. प्लग काढून बघा, काळा-ओला असेल तर पुसून, घासून लावा. एअर फिल्टरचं झाकण उघडा. बंद घरात उभ्या गाडीच्या फिल्टरच्या डब्यात उंदरांनी सोडणाचा काथ्या भरून घर केलेलं मी पुष्कळदा काढलं आहे, आणि अशा गाडीचा कार्ब्युरेटर कितीही धुतला तरी ती चालायची नाही. मग टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र: गाडी दोन-तीन किलोमीटरवर बंद पडते आणि झाकण उघडून लावल्यावर पुन्हा चालते, तर दोष तिथे. शेवटी कार्ब्युरेटरच्या हवेच्या आणि ओव्हरफ्लोच्या नळ्यांची खालची तोंडं बघा. कुंभारीण माशीला असली नळी म्हणजे आयतं घर, ती आत माती लिंपून ठेवते. हवेची नळी बुजली की कटोरीत पेट्रोल नीट उतरत नाही. माती काढायला नळीच सोडवून घ्या, आत ढकलू नका.

आता जागा. हे काम खळ्यात करा, घरात नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरपटत जाते आणि लांबच्या ज्योतीपर्यंत पोहोचते. गणपतीचे दिवस आहेत, माजघरात समई आणि निरांजन चालू असणार, मागच्या दारी चूल पेटलेली असणार. पडवीतसुद्धा नको. पाऊस असेल तर थांबा, उघडीप मिळाली की करा. जवळ कोरडी वाळू किंवा मातीची घमेली ठेवा, पाणी पेट्रोलच्या आगीवर कामाचं नाही. कार्ब क्लीनरचा फवारा डोळ्यांत गेला तर फार वाईट, म्हणून साधा का होईना चष्मा घाला. बारीक छिद्रातून तो उलटून थेट तोंडावर येतो, हे पहिल्यांदा काम करणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

साहित्य थोडंच लागतं: १० नंबरचा पाना, बसके आणि फुलीचे स्क्रू ड्रायव्हर, कार्ब क्लीनरचा एक डबा, हवेचा पंप, एक जुनी स्टीलची परात, पांढरं फडकं. परात नंतर स्वयंपाकघरात परत नेऊ नका. फुलीच्या स्क्रू ड्रायव्हरबद्दल मात्र नीट ऐका. जपानी घडणीच्या कार्ब्युरेटरच्या स्क्रूची फुली आपल्याकडच्या साध्या फिलिप्स टोकाशी पूर्ण जुळत नाही. ते टोक निसटून वर येतं आणि फुली गोल करून टाकतं. जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचा ड्रायव्हर मिळाला तर उत्तम. नाही तर खाचेत घट्ट, न हलता बसणारा निवडा. स्क्रूवर आधी गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. सकाळी ड्रायव्हर खाचेत उभा धरून मुठीवर हातोडीचा हलका ठोका द्या, मग सगळं वजन खाली देत फिरवा. खाऱ्या हवेत धरलेला स्क्रू जोराने नाही, ठोक्याने सुटतो.

पेट्रोलचा कॉक बंद करा, कटोरीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या. ही बाटली फेकू नका, तिचं काम पुढे आहे. नळी सोडवा, वरचं झाकण उघडून स्लायड केबलसकट वर ओढून घ्या आणि फडक्यात गुंडाळून बाजूला टांगा. मग कार्ब्युरेटर इंजिनाला धरणारे दोन नटबोल्ट काढा. प्रत्येक टप्प्यावर मोबाईलने फोटो काढा. इंजिनकडची उघडी वाट लगेच फडक्याने बुजवा, आत पडलेला एक वॉशर सगळं इंजिन उघडायला लावतो.

कटोरी उघडलीत की लगेच धुवायला घेऊ नका. सगळे घाई करतात ती इथेच. तळाचा गाळ म्हणजे गाडी का बिघडली याचा पुरावा, आणि तो धुऊन टाकला की तीच गाडी दोन महिन्यांनी परत येते. कटोरी उजेडात तिरकी धरा आणि रंग बघा.

तपकिरी, पारदर्शक, नखाने खरवडली तर डिंकासारखी सुटणारी झिल्ली असेल तर ते नुसतं वाळलेलं पेट्रोल. वास आंबट-उग्र येतो. हा सगळ्यात सोपा प्रकार, क्लीनरने निघतो, आणि दोष फक्त उभं ठेवण्याचा. पांढरी, खडूसारखी पूड आणि बॉडीला देवीच्या व्रणांसारखे खड्डे असतील तर पाणी बसून राहिलं होतं. हिरवट थर पितळेच्या जेटवर आणि आसपास दिसतो, तोही पाण्याचाच. अशा वेळी ती काचेची बाटली बघा: थोडा वेळ स्थिर ठेवल्यावर तळाशी वेगळा थर दिसला, तर पाणी अजून टाकीतून येतं आहे. झाकणाचं रबर कडक झालेलं असेल, किंवा गाडी पागोळीखाली उभी होती.

लालसर गाळ असेल तर तो बोटांत चोळा. कणीदार, खपल्यांसारखा लागला तर टाकीचा गंज. टाकी अर्धी रिकामी ठेवली की वरच्या मोकळ्या भागात ओली हवा जाते आणि तिथूनच गंज धरतो. मऊ, मेणचट लागला तर आपली जांभ्याची धूळ. ती टाकीचं झाकण उघडताना, बाटलीतून पेट्रोल ओतताना किंवा फाटलेल्या फिल्टरमधून येते. गंज असेल तर कार्ब्युरेटर साफ करण्याआधी टाकी उतरवून धुवायला हवी आणि कॉकची जाळी बघायला हवी. अनेकदा ती जाळी फाटलेली किंवा गळून पडलेली असते आणि नवी सहज मिळते. टाकी तशीच ठेवून कार्ब्युरेटर साफ केलात तर श्रम वाया.

गाळ बघून झाला की सुटे करा. फ्लोटची पिन एका बाजूने बारीक तारेने ढकलून काढा. ती ज्या दोन खांबांत बसते ते खांब ठिसूळ असतात, तिथे ठोकाठोक केलीत आणि एक खांब तुटला तर मात्र खरोखर नवा कार्ब्युरेटर घ्यावा लागेल. फ्लोट उचलला की त्याला लटकलेली व्हॉल्व्हची सुई निघते. मग मेन जेट आणि त्याचा होल्डर. पितळ मऊ असतं, खाचेत पूर्ण रुंदीचा ड्रायव्हर बसला पाहिजे. स्लो जेट काही कार्ब्युरेटरमध्ये आट्यांचा असतो, तर काहींत दाबून बसवलेला. त्याला ड्रायव्हरची खाच दिसली नाही तर उपटायला जाऊ नका, जागेवरच साफ करा.

मिक्स्चरचा, म्हणजे स्लोवर हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा, स्क्रू काढण्याआधी तो अगदी हलक्या हाताने आत फिरवा आणि टेकेपर्यंत किती वेढे झाले ते मोजून लिहून ठेवा. टेकल्यावर पिळू नका, त्याचं निमुळतं टोक बॉडीत रुतून बसतं आणि छिद्र कायमचं वाकडं होतं. काढताना त्याच्यामागून स्प्रिंग, बारीक वॉशर आणि ओ-रिंग याच क्रमाने येतात. ओ-रिंग बहुधा आतच अडकते. ती आत आहे हे लक्षात न घेता क्लीनर मारला की ती फुगते, आणि नंतर स्लो रनिंग काही केल्या जमत नाही. टॉर्च मारून बघा, वाकड्या टोकाच्या तारेने अलगद काढा. सगळी रबरं बाजूला काढल्याशिवाय क्लीनरचा डबा हातात घेऊ नका.

साफसफाईचा सगळा जीव स्लोच्या वाटेत आहे. बॉडीवर फवारा मारून चकचकीत करणं म्हणजे साफसफाई नव्हे. स्लो जेटचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं, आणि एवढंच छिद्र पेट्रोल मोजून देतं. जेट उजेडासमोर धरा. स्वच्छ, गोल ठिपका दिसला पाहिजे. अंधूक किंवा अर्धचंद्र दिसला तर आत थर आहे. क्लीनर मारून काही तास भिजवा, फुंका, पुन्हा बघा. तरीही नाही सुटला तर विजेच्या लवचीक वायरमधला तांब्याचा एकच धागा घ्या. तांबं पितळेपेक्षा मऊ, छिद्र मोठं होत नाही. टाचणी, सुई, गिटारची तार, क्लचच्या केबलचा धागा हे सगळं पोलाद आहे. त्याने जेट ‘साफ’ होतो आणि कायमचा मोठाही होतो, मग गाडी पेट्रोल पिते आणि कारण कुणाला सापडत नाही. माडाच्या हिराने कटोरीचा तळ खरवडायला हरकत नाही, त्याने ओरखडे येत नाहीत. पण हीर जेटमध्ये घालू नका, टोक आत मोडतं.

दुसरा एक घरगुती उपाय हमखास सुचवला जाईल: पितळेची भांडी आमसुलाने लखलखीत होतात, मग कार्ब्युरेटरही आगळात किंवा चिंचेच्या पाण्यात बुडवा. असं करू नका. भांडं जाड पितळेचं असतं आणि लगेच धुतलं जातं. जस्ताच्या मिश्रधातूला आम्ल खातं, बॉडी काळवंडते, आतल्या बारीक वाटांचे पृष्ठभाग खरबरीत होतात आणि पुढच्या वेळी गाळ जास्त धरतात. फारच चिवट थर असेल तर ओळखीच्या सोनाराला विचारा. दागिने धुण्याचं अल्ट्रासोनिक यंत्र बऱ्याच जणांकडे असतं. पण आधी पेट्रोलचा अंशही राहणार नाही असं धुऊन, पूर्ण वाळवून न्या, आणि यंत्रात साबणाचं पाणीच वापरायला सांगा.

जेट झाले, आता बॉडीतल्या वाटा. क्लीनरच्या डब्याची लांब नळी स्लो जेटच्या विहिरीत घट्ट धरून फवारा मारा आणि त्याच वेळी गळ्यात बघा. तळाच्या प्रत्येक छिद्रातून धार आली पाहिजे. एकातून आली आणि दुसऱ्यातून नाही, तर ज्यातून आली ते बोटाने दाबा म्हणजे जोर दुसऱ्याकडे वळतो. मिक्स्चर स्क्रूचं भोकही त्याच वेळी बोटाने बंद करावं लागतं. मग उलट करा: गळ्यातल्या छिद्रांतून मारा, विहिरीतून बाहेर येऊ द्या. एअर फिल्टरच्या बाजूच्या तोंडाशी जी हवेची छिद्रं असतात त्यांतूनही. शेवटी हवा. घरात कॉम्प्रेसर नसतो, सायकलच्या पंपाला बॉलमध्ये हवा भरायची सुई लावली तरी काम होतं, किंवा पंक्चरवाल्याकडे बॉडी घेऊन जा. फक्त तेव्हा फ्लोट आणि सगळी रबरं घरी ठेवा. जोपर्यंत तुमच्या डोळ्यांनी प्रत्येक वाटेचं एक टोक आणि दुसरं टोक जोडलेलं दिसत नाही तोपर्यंत जोडणी सुरू करू नका. ‘झालं असेल’ म्हणून जोडलेला कार्ब्युरेटर दुसऱ्यांदा उतरवावा लागतो.

आता ठिबकणं. व्हॉल्व्हच्या सुईचं काळं रबरी टोक भिंगाखाली बघा. त्यावर गोल वळ उमटला असेल तर सुई बदला. ती ज्या पितळी खाचेत बसते ती कानकोरणीच्या कापसाने, थोडा क्लीनर लावून, चमकेपर्यंत फिरवून साफ करा. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल डुचमळलं तर तो बुडतो आहे. पोकळ फ्लोट गरम पाण्यात दाबून धरला की बुडबुडे कुठून येतात ते दिसतं. मात्र पेट्रोल भरलेला फ्लोट कधीही झाळायला नेऊ नका. आणखी एक जागा लोकांच्या नजरेतून सुटते: कटोरीच्या तळातून उभी राहिलेली पितळेची ओव्हरफ्लोची नळी. तिला उभी चीर गेली की सुई नवी घातली तरी पेट्रोल ठिबकत राहतं. कटोरी वेगळीच पेट्रोलने भरून कोरड्या कागदावर ठेवा, कागद ओला झाला की समजलं.

फ्लोट आणि सुई बसवल्यावर पेट्रोलच्या तोंडाला स्वच्छ नळी लावून हलकं फुंका. बॉडी सरळ असताना हवा जावी, उलटी केली की थांबावी. तोंडाने ओढू नका. गाडीवर चढवल्यावर ड्रेनच्या तोंडाला पारदर्शक नळी लावा, ती वर वळवून कटोरीच्या अंगाशी उभी धरा आणि ड्रेन स्क्रू सैल करा. आत जेवढं पेट्रोल चढलं तेवढंच नळीत दिसतं, बहुतेक वेळा कटोरीच्या सांध्याच्या थोडं खाली. सांध्याच्या वर गेलं तर फ्लोटची पितळी जीभ किंचित वाकवावी लागते. किती ते मॉडेलवर आहे, सर्व्हिस मॅन्युअलमधलं माप घ्या, अंदाजाने नको. प्लॅस्टिकच्या फ्लोटला जीभच नसेल तर माप बदलता येत नाही, सुई किंवा फ्लोट बदलायचा.

ठिबकण्याकडे दुर्लक्ष करू नका असं मी आग्रहाने सांगतो. ते पेट्रोल नेहमी रस्त्यावरच पडतं असं नाही. काही वेळा ते इंजिनात उतरतं आणि ऑइल पातळ करतं. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वाढलेली दिसली, तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी सुरू करू नका.

रिपेअर किट घ्या, पण त्यातलं सगळं वापरू नका. गॅस्केट, ओ-रिंग आणि व्हॉल्व्हची सुई घ्या. किटमधले पितळेचे जेट आणि नीडल डब्यात राहू द्या. साध्या किटमधल्या जेटवर आकडा बरोबर छापलेला असतो, छिद्र तसं असेलच याचा भरवसा नाही. तुमचे मूळ जेट, खाच शाबूत असेल तर, साफ करून तेच लावा.

जोडताना घट्टपणाचा मोह आवरा. जेट दोन बोटांच्या जोराने. मिक्स्चर स्क्रू आधी लिहून ठेवलेल्या वेढ्यांवर, लिहायचं राहिलं असेल तर दीड वेढ्यावर. स्लायडचा तिरका कापलेला भाग एअर फिल्टरकडे, आणि तिची उभी खाच बॉडीतल्या खुंटीवर बसली की ती आपोआप तळापर्यंत जाते. अडली तर दाबू नका, फिरवून बघा. जोडल्यावर रेस सोडली की टक् असा आवाज करत ती खाली आली पाहिजे. हे तपासल्याशिवाय किक मारायची नाही, कारण अडकलेली स्लायड म्हणजे सुटलेली गाडी. इंजिनकडचा ओ-रिंग नवा घाला आणि दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एकच बाजू पिळली की कार्ब्युरेटरचा इंजिनाला टेकणारा चेहरा वाकतो आणि तिथून हवा ओढली जाते. शंका असेल तर तो चेहरा आरशाच्या काचेवर ठेवून बघा. डुगडुगला तर वाकला आहे. पेट्रोलची नळी कडक झाली असेल तर बदला, पण सलाइनची नळी लावू नका. ती पेट्रोलने ताठर होते आणि ऐन घाटात निसटते.

ट्यूनिंग गरम इंजिनावरच. आधी गावात एक फेरी मारून या. मग रनिंगचा (स्लोचा वेग ठरवणारा) स्क्रू थोडा वाढवून इंजिन स्थिर करा आणि मिक्स्चर स्क्रू पाव-पाव वेढा फिरवून कान लावा. जिथे इंजिन सगळ्यात भरभर आणि एकसारखं चालतं ती जागा धरा, मग रनिंग खाली आणा. शंभर सीसीच्या या गाड्यांना मिनिटाला साधारण १४०० फेरे योग्य. स्क्रू कुठल्या दिशेने काय करतो हे त्याच्या जागेवर आहे: तो स्लायडच्या एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल तर हवा मोजतो, आत घेतला की मिश्रण रिच (पेट्रोल जास्त). इंजिनकडच्या बाजूला असेल तर पेट्रोल मोजतो, आत घेतला की लीन (पेट्रोल कमी). मायलेजसाठी मुद्दाम लीन करून घेणारे बरेच आहेत. फोर-स्ट्रोक गाडी त्याने तापते, टू-स्ट्रोकचा पिस्टन जाम होतो. रनिंग कधी वर कधी खाली होत राहिलं, तर इंजिन आणि कार्ब्युरेटरच्या सांध्यावर साबणाचं पाणी शिंपडा. आवाज बदलला की तिथून हवा जाते आहे.

पल्सरसारख्या गाडीला पडद्याचा, म्हणजे सीव्ही कार्ब्युरेटर असेल तर एवढं जास्त लक्षात ठेवा: वरचं झाकण उघडल्यावर दिसणाऱ्या रबरी पडद्याला क्लीनर लागू देऊ नका, तो फुगतो आणि पुन्हा खाचेत बसत नाही. उजेडासमोर ताणून बारीक भोक आहे का बघा. बाकी रीत हीच.

पुरात बुडालेल्या गाडीची गोष्ट निराळी. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा अनेकांनी पाणी ओसरल्यावर आधी किक मारून बघितली, आणि गाळाचं पाणी इंजिनात ओढलं गेलं. बुडालेल्या गाडीचा प्लग काढा, ऑइल सोडा, टाकी आणि कटोरी रिकामी करा, फिल्टरचा डबा धुऊन वाळवा, मगच कार्ब्युरेटर. गाळ वाळायच्या आत उतरवलात तर वाटा साध्या पाण्याने निघतात, वाळल्यावर तोच गाळ सिमेंटसारखा बसतो.

खरोखर नवा कधी घ्यायचा? स्लायड गळ्यात खुळखुळते आणि तिच्या अंगावर बोटाला लागेल असा कंगोरा पडला आहे, व्हॉल्व्हच्या खाचेत खड्डे आहेत, मिक्स्चर स्क्रूच्या आट्या गेल्या आहेत, किंवा फ्लोटचा खांब तुटला आहे. यातलं काही दिसलं तर मूळ कंपनीचाच घ्या. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही.

आता शिमग्यापर्यंतचं. निघायच्या आदल्या दिवशी टाकी भरा, वर बोटभर जागा ठेवा. ओली हवा आत राहायला जागाच नको. कॉक बंद करा आणि ड्रेन स्क्रू उघडून कटोरी पूर्ण रिकामी करा. नुसती गाडी बंद पडेपर्यंत चालवून भागत नाही, तळाला थोडं उरतंच, आणि तेच जेटभोवती वाळतं. नळ्यांच्या तोंडांना बारीक जाळीचा तुकडा बांधा, बूच मारू नका. वर प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधू नका, आत घाम धरतो. जुनी चादर टाका आणि गाडी पागोळीपासून आत घ्या. गावात कुणी विश्वासाचं असेल तर त्याला आठवड्याला एकदा बाजाराला गाडी नेऊ द्या, त्यासारखं औषध नाही. पण दारात उभी करून दोन मिनिटं चालू करणं नको, त्याने सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि कटोरी परत भरलेली राहते. परत आल्यावर ड्रेन स्क्रू उघडा ठेवूनच कॉक सुरू करा, पहिलं पेट्रोल बाटलीत घेऊन रंग बघा, स्वच्छ आलं की ड्रेन बंद करा, कटोरी भरायला एक मिनिट द्या आणि मग चोक ओढून किक मारा.